शिवलीलाबाईंचा तिसरा घाणा

शिवलीला बिराजदार नेमकं काय करतात, हे लोहाऱ्यातल्या माणसांना समजावून सांगायचा नाद त्यांनी स्वतःच केव्हाच सोडला होता. सुरुवातीची वर्षं त्या हौसेनं सांगत. नळदुर्गाजवळच्या फार्मसी कॉलेजात शिकवते, आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करते. विषय असा, की हळदीतला औषधी अंश काढायचा, तो चरबीच्या अतिबारीक गोळ्यांत बसवायचा आणि त्या गोळ्या वाळवून टिकाऊ पावडर करायची. ऐकणारा "वा, वा" म्हणायचा, थोडा थांबायचा आणि हळूच विचारायचा, "मंग मॅडम, गुडघ्याला कोनतं मलम चांगलं?"

सासूबाई शांताक्का यांनी मात्र या सगळ्या संशोधनाचं सार तीन बोटांवर मोजून ठेवलं होतं.

"हळद, तूप, साखर," त्या शेजारणींना सांगत. "एवढंच घालती. सात वरीस झालं, अजून जमंना."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर अडचण होती. चरबी ही तुपाचीच चुलतबहीण, साखर ही साखरच, फक्त जरा महाग जातीची. आणि सात वर्षं तर शिवलीलाबाईंच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती. एका वेळी जेवढा माल तयार होई त्याला कॉलेजात बॅच म्हणत. शांताक्का घाणा म्हणत. संध्याकाळी सून जीपमधून उतरून ओसरीवर आली, की शेंगा फोडता फोडता त्या विचारत, "कितवा घाणा आज? करपला का?" आणि सुनेनं चप्पल काढायच्या आतच उत्तर ओळखून म्हणत, "साकु गं, साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. शांताक्कांचं माहेर सीमेपलीकडचं. रागावणं आणि हिशेब या दोन गोष्टी त्या कानडीत करत.

आता ही गोळी म्हणजे किती बारीक? डोक्याचा एक केस घ्यावा. शिवलीलाबाईंच्या डोक्यावर या कामात जेवढे उरले होते त्यांतलाच घेतला तरी चालेल. त्याच्या जाडीचे चारशे भाग करावेत. त्यातला एक भाग म्हणजे एक गोळी. अशा कोट्यवधी गोळ्या पाण्यात असतात तोवर गुण्यागोविंदानं तरंगतात. पण लोहाऱ्याच्या मे महिन्यात पाण्यातलं काहीच फार दिवस गुण्यागोविंदानं राहत नाही. गोळ्या एकमेकींना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि औषधाची माती होते. म्हणून वाळवायच्या. वाळवायचं म्हटलं, की शांताक्कांना गच्ची दिसे.

"टाक की गच्चीवर. पापड वाळत्यात, सांडगे वाळत्यात. तुझ्या गोळ्या काय राजाच्या लेकी हायत?"

होत्याच. ऊन लागलं की वितळणाऱ्या. त्यांना आधी कडक गोठवावं लागे, मग पंपानं सगळी हवा ओढून घेऊन त्या बर्फाची, मध्ये पाणी होऊ न देता, थेट वाफ करावी लागे. बरं, गोठवतानाही भानगड. बर्फ धरू लागला की तो गोळ्यांना कोपऱ्यात रेटत नेतो, पंगतीला बसायच्या घाईत माणसं पोरांना रेटतात तसा, आणि त्या रेट्यात गोळ्या एकमेकींत मिसळून जातात. साखर असते ती मध्ये बसायला. दोन भांडखोर जावांच्या मध्ये एखादी शहाणी नणंद बसवावी, तशी. सगळं जमलं तर काचेच्या बुटक्या बाटलीत पिवळाधमक बत्तासा उभा राहतो आणि पाणी घातल्याबरोबर विरघळून पुन्हा त्याच बारीक गोळ्या देतो. नाही जमलं, तर तळाशी काकवीसारखं काहीतरी बसतं आणि ते बघून माणूसही मटकन खाली बसतो.

शिवलीलाबाई पुष्कळदा बसल्या होत्या. पण गेल्या वर्षभरात त्यांना साखरेचं प्रमाण सापडलं होतं, आणि एकापाठोपाठ एक असे दोन घाणे झकास उतरले होते. विद्यापीठाची अट अशी, की तीन घाणे हवेत. तिन्ही एकाच रीतीनं केलेले आणि तिन्हींचा निकाल सारखा. म्हणजे उरला होता एक. आणि मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या, त्याही सगळ्या. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. निदान पाणी तरी गोठवता येतं. वर्षांचं काय करणार?

या एका घाण्यावर बाईंचा जीव टांगला होता, पण चेहरा पाहून कुणाला तसं वाटलं नसतं. चेहऱ्यावर फक्त थकवा असे. हा थकवा कालपरवाचा नव्हता. तो मुरलेला होता, लिंबाच्या लोणच्यासारखा. सकाळचा स्वयंपाक, लोहारा ते नळदुर्ग जीप, जीपमध्ये मांडीवर स्वतःची पिशवी आणि खांद्यावर शेजारणीची झोप, मग तास, मग पेपर तपासणं, उन्हाळ्यात गावोगाव फिरून "आमच्या कॉलेजात या" म्हणून विद्यार्थी गोळा करणं, आणि या सगळ्यातून जो वेळ गळून पडेल त्यात संशोधन. नवरा अमरनाथ पंपांच्या मोटारी भरून देई. तो भला माणूस होता. बायकोचे हाल पाहून त्याला वाईट वाटे आणि वाईट वाटता वाटता तो घोरू लागे.

घरात या पावडरीची खरी वाट एकटे सासरे बघत होते. शिवप्पांना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागून जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. इन्सुलिन माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेलं असे, कारण लोहाऱ्यातली वीज आणि त्यांच्या घरातला फ्रिज यांचं फार दिवस पटलं नव्हतं. सुनेची पावडर जखमांसाठी आहे आणि तिला फ्रिज लागत नाही, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. बाकीचं त्यांनी मनानंच ठरवलं.

"झाली का गं माझी पावडर?" ते विचारत.

"तुमची न्हाय हो मामंजी. अजून लई लांब हाय ते."

"मी कुठं जातोय," शिवप्पा म्हणत आणि पाय उशीवर ठेवत.

तिसऱ्या घाण्यासाठी शिवलीलाबाईंनी नवरात्राचे शेवटचे दिवस निवडले. यात त्यांची सगळी हुशारी होती. कॉलेजला सुट्टी, मुलं नाहीत, प्रयोगशाळेत कुणाची लुडबुड नाही. पावडर वाळायला दोन दिवस आणि दोन रात्री लागतात. तेवढा वेळ यंत्राला निवांत मिळेल. बाटल्या भरून, रांगा लावून त्यांनी काचेचं दार लावलं, पंप सुरू केला आणि प्रयोगशाळेचे शिपाई गुरुसिद्धप्पा यांना बजावलं, "काही झालं तरी हे बंद करायचं न्हाय."

"म्या हात बी लावत न्हाय, मॅडम," गुरुसिद्धप्पा दोन पावलं मागं सरून म्हणाले. "मला तर वाटतंय ती मशीन माझ्याकडं बघती."

एक गोष्ट मात्र बाईंच्या हुशारीतून निसटली होती. त्या दोन दिवसांत खंडेनवमी होती.

खंडेनवमीला कॉलेजात यंत्रांची पूजा होई. प्राचार्य उमाशंकर सर, जे शिवलीलाबाईंचे मार्गदर्शकही होते, ते या पूजेच्या बाबतीत फार हळवे होते. मार्गदर्शनाच्या बाबतीत ते इतके हळवे नव्हते. पूजेच्या दिवशी ते झब्बा घालत, सगळ्यांना बोलावून घेत आणि विज्ञान व परंपरा यांच्या संगमावर बोलत. त्या संगमात दर वर्षी थोडी भर पडे.

शिवलीलाबाई सकाळी जीपनं आल्या. रस्त्यानं तुळजापूरकडं अनवाणी निघालेली माणसं आणि ज्योत घेऊन पळणारी पोरं, त्यांना वाट देत देत जीपनं रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला. आदल्या दोन दिवसांत घरी घटाचं सगळं करून, उपासाचं वेगळं आणि बिनउपासाचं वेगळं रांधून, त्या उभ्याउभ्या डुलक्या काढण्याच्या अवस्थेत होत्या. आल्या आल्या त्यांनी यंत्राकडं पाहिलं. पंप घुर्रर्र करत चालला होता. सगळं ठीक.

"मॅडम," उमाशंकर सरांनी हळदीकुंकवाचं ताट पुढं केलं, "या वर्षी पूजा तुमच्या हातून. हळदीवर संशोधन करणाऱ्या विदुषीनंच यंत्रांना हळद लावावी, यासारखा योग नाही."

आता इथं शिवलीलाबाईंच्या माहेराबद्दल सांगायला हवं. त्यांचे वडील अणदूरचे किराणा दुकानदार. खंडेनवमीला ते तागडी चिंचेनं घासून लख्ख करत, पारड्यांना कुंकू लावत आणि वर पांढरं फडकं टाकून म्हणत, "आज तागडीला सुट्टी." मग कुणी दारात चहापत्तीसाठी रडलं तरी ती तागडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलत नसे. फार तर मुठीनं देत. वर्षभर आपल्यासाठी राबणारी वस्तू, तिला एक दिवस कुणी कामाला लावायचं नाही. आणि काम करता करता तर तिची पूजा करायचीच नाही. जेवत्या माणसाच्या कुणी पाया पडतं का? लहानपणी फडकं टाकायचं काम शिवलीलाचं असे. विझव, थांबव, मग कुंकू लाव. ही गोष्ट तिच्या डोक्यात नव्हती. हातात होती.

ताट घेऊन त्या निघाल्या. मागं सर, त्यांच्या मागं घंटी वाजवणारे गुरुसिद्धप्पा. आधी वजनकाटा. बटण बंद, हळद, कुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. मग भट्टी. बटण बंद, हळद, कुंकू, फूल, नमस्कार. मग खायच्या गोळ्या दाबायचं यंत्र. मग सूक्ष्मदर्शक. हात आपलं काम करत होते आणि बाई जवळजवळ झोपेत चालत होत्या. मग आलं ते काचेच्या दाराचं थंड यंत्र. त्यांचा हात भिंतीवरच्या बटणाकडं गेला.

खट.

हळद, कुंकू, आणि या यंत्राला झेंडूची दोन फुलं, कारण हे खास. मग शिवलीलाबाईंनी डोळे मिटले आणि सबंध फेरीत पहिल्यांदाच मनापासून हात जोडले. "देवा, एवढा एक घाणा नीट उतरू दे. मग मी काही मागणार न्हाय."

देवानं ऐकलं असेल तर तोही गोंधळला असेल.

सरांचं भाषण झालं. कागदी द्रोणांतून शिरा आला. शिवलीलाबाई स्टुलावर बसल्या, पाय खालच्या दांडीवर टेकवले आणि शिऱ्याचा पहिला घास घेतला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सुटली.

"गुरुसिद्धप्पा," त्या म्हणाल्या, "आज कसं बरं वाटतंय हो. कानाला किती शांत वाटतंय."

"व्हय की," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "मशीनच बंद हाय न्हवं."

द्रोण खाली पडला. बाई धावल्या. बटण दाबलं, पंप खोकला, घुर्रला, सुरू झाला. पण काचेच्या आत डोकावल्यावर त्यांना दिसायचं ते दिसलं. मधल्या रांगांतल्या बाटल्यांच्या तळाशी पाणी चमकत होतं.

"कुणी बंद केलं?" त्यांचा आवाज चिरकला.

गुरुसिद्धप्पांनी सरांकडं पाहिलं. सरांनी गुरुसिद्धप्पांकडं पाहिलं. शेवटी गुरुसिद्धप्पाच बोलले, जमिनीकडं बघत. "तुमीच की, मॅडम."

"मी?"

"तुमीच. म्या बघितलं. पन म्हनलं, मॅडमच करतेत म्हंजी काय तरी शास्त्र असंल त्यात."

शिवलीलाबाई पुन्हा स्टुलावर बसल्या. रडावं असं त्यांना वाटलं, पण रडायलाही थोडी ताकद शिल्लक लागते. त्या नुसत्या बोटावरच्या कुंकवाकडं बघत राहिल्या. घरी सांगितलं तेव्हा अमरनाथ उठून बसला, बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, "पन पूजा मात्र नीट झाली म्हन."

शांताक्का त्या दिवशी साकु म्हणाल्या नाहीत. त्यामुळे बाईंना जास्तच वाईट वाटलं.

वाळवण पुरं झाल्यावर दार उघडलं, तेव्हा एक चमत्कारिक प्रकार दिसला. मधल्या रांगा पार बसल्या होत्या, काकवीच. पण कडेच्या बाटल्यांत बत्तासे ताठ उभे होते. यात चमत्कार काही नव्हता. कडेच्या बाटल्यांना यंत्राच्या भिंतींची ऊब जरा जास्त मिळते, त्या लवकर वाळतात. पंप बंद पडला तेव्हा त्यांच्यातला बर्फ संपला होता. मधल्यांतला बाकी होता, तो वितळला.

उमाशंकर सरांनी चष्मा वर-खाली करून दोन्ही प्रकार पाहिले. दोषाचा एक अंश आपल्या ताटातून गेला आहे, हे त्यांना आतून टोचत होतं. म्हणून ते नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलले.

"झालं की मग! कडेच्या घ्या. मधल्या टाकून द्या. निकाल आला की लिहून मोकळ्या व्हा."

"सर, घाणा अर्धा गेलाय."

"बॅच म्हणा, मॅडम. आणि अर्धा गेला म्हणजे अर्धा आला. विद्यापीठ काय इथं बाटल्या मोजायला येणार आहे? तुमच्याकडं मुदत किती राहिली, ते बघा."

गोळ्यांचा आकार मोजायचं यंत्र सोलापूरला होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रकारच्या बाटल्या डब्यात घालून शिवलीलाबाई नळदुर्गाच्या स्टँडवरून एसटीनं निघाल्या. डबा मांडीवर. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "लेकीकडं दिवाळीचं घिऊन चाललाव का?"

"व्हय," बाई म्हणाल्या. समजावून सांगायचा नाद त्यांनी सोडलाच होता.

सोलापूरला यंत्रावर दीपाली नावाची तरुण मुलगी बसे. ती शिवलीलाबाईंना इतक्या वेळा भेटली होती, की तिच्या लग्नाला त्या आहेर घेऊन गेल्या होत्या.

"कोणत्या लावू, मॅडम?"

"आधी कडेच्या."

दीपालीनं पाणी घातलं, बाटली हलवली, नमुना आत सरकवला. पडद्यावर एकच सुंदर, निमुळती टेकडी उमटली. गोळ्या जशाच्या तशा. दोनशे नॅनोमीटरच्या आत.

"मॅडम, झालं की तुमचं!" ती खुर्चीतून उठलीच. "पेढे!"

"आता मधल्या लाव."

मधल्यांचं पडद्यावर जे आलं, ते पाहून दीपालीनं आपणहून पडदा जरा तिरका केला, आजारी माणसाचा कागद नातेवाइकांपासून लपवावा तसा. टेकडीऐवजी डोंगररांगा होत्या. गोळ्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे.

"हे कशाला लावलंत? पहिलंच देऊ का छापून? सर म्हणाले असतील ना कडेच्या घ्या म्हणून? आमच्याकडं सगळेच..." ती थांबली.

"दोन्ही दे," शिवलीलाबाई म्हणाल्या.

परत येताना त्या खिडकीशी बसल्या होत्या. ढाबे, ट्रक, पुन्हा ढाबे. त्यांनी खरोखर विचार करून पाहिला. कडेचं तेवढं द्यायचं. मग परीक्षक विचारणार, बाकीच्या बाटल्या कुठं? फुटल्या म्हणायचं. कशा फुटल्या? गुरुसिद्धप्पांच्या हातून. मग गुरुसिद्धप्पांना ते सांगून ठेवायचं, त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचं. सरांनाही सांगायचं. पुढं कुणी तीच पावडर करून बघितली आणि जमली नाही, तर त्यालाही काहीतरी सांगायचं. आणि हे सगळं जन्मभर लक्षात ठेवायचं. खोटं बोलणं वाईट वगैरे ठीक आहे, पण त्याला केवढी उमेद लागते! शिवलीलाबाईंना ते झेपणारं नव्हतं. त्यापेक्षा पुन्हा एक घाणा करणं कमी दमवणारं होतं.

माणसं प्रामाणिक राहतात त्याची कारणं नेहमीच थोर असतात असं नाही.

"सर, परत लावते," त्यांनी जाऊन सांगितलं. "हा घाणा पंप बंद पडलेला म्हणून लिहिते. कडेचं काय झालं, मधलं काय झालं, दोन्ही. आणि तिसरा नवा करते."

"अहो, मुदत!"

"दिवाळीच्या सुट्टीत होतंय. मधी काही झालं न्हाय तर."

मध्ये बरंच काही झालं. पंपाच्या तेलात पाणी शिरलं होतं. नवं तेल पुण्याहून यायला कोजागिरी उलटली. मग मुलांच्या परीक्षा. शेवटी यंत्र मोकळं झालं ते थेट दिवाळीत. बाईंनी घरी फराळाचं तळण उरकलं, हात धुतले आणि कॉलेजात येऊन बाटल्या भरल्या. चुकला तर पुढचा घाणा नव्हता.

पंप सुरू करून त्या मागं वळल्या, तर दारात गुरुसिद्धप्पा उभे. सुट्टी असून आले होते. हातात पुठ्ठा होता, त्यावर लाल शाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं:

चालू यंत्रास नमस्कार लांबून करावा.

त्यांनी तो बटणाखाली चिकटवला, आणि बटणावर पुठ्ठ्याची एक छोटी पेटी उलटी बसवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. "आता तुमी जरी आला मॅडम, तरी हात जायचा न्हाय."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी उमाशंकर सर आले. झब्बा होता, पण ताट नव्हतं. त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर खुर्ची टाकली, वर्तमानपत्र उघडलं आणि बाईंना म्हणाले, "तुम्ही घरी जा. लक्ष्मीपूजन आहे, घरात बाई हवी. मी बसतो."

"सर, तुम्ही?"

"मला घरी तसंही चिवडा हलवायला लावतील." मग वर्तमानपत्राआडून, बऱ्याच हळू आवाजात, "ताट मीच दिलं होतं, मॅडम."

त्या गेल्या नाहीत. तिघंही बसले. सरांनी डबा उघडला, गुरुसिद्धप्पांनी कापसाच्या वाती वळायला घेतल्या, कारण रिकामे हात त्यांना चालत नसत. बाईंना पंपाच्या घुरघुरीत पेंग येई आणि आवाज जरा बदलल्यासारखा वाटला की त्या दचकून उठत. तिकडं नळदुर्गात फटाके वाजू लागले. सरांनी संगमावर भाषण केलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "हे सात वर्षांत मी पहिल्यांदाच इतका वेळ बघतोय." त्यावर गुरुसिद्धप्पांनी पुढची वात जरा जास्तच घट्ट वळली.

भाऊबीज झाल्यावर दार उघडलं. कडेला बत्तासे. मध्ये बत्तासे. मागं बत्तासे. गुरुसिद्धप्पांनी सवयीनं हात जोडले आणि पुठ्ठ्यावरचं आठवून दोन पावलं मागं सरले.

सोलापूरला दीपालीनं कडेचं लावलं, मधलं लावलं, मागचं लावलं. टेकडी, टेकडी, टेकडी. या वेळी ती ओरडली नाही; बाईंच्या चेहऱ्याकडं बघून तिनं फक्त पाण्याचा ग्लास पुढं केला. शिवलीलाबाईंना वाटलं होतं, या क्षणी काहीतरी होईल. छातीत काही उसळेल, निदान डोळे तरी भरतील. काही झालं नाही. उद्या प्रबंध बांधायला टाकायचा, परवा नेऊन द्यायचा, आणि येताना शांताक्कांनी सांगितलेली ज्वारी दळून आणायची, एवढंच डोक्यात आलं.

प्रबंध गेला. मुदतीच्या आत गेला. पंप बंद पडलेल्या घाण्याची पानं त्यात होती, आणि ती वाचून परीक्षक काय म्हणतील ते म्हणोत.

त्या संध्याकाळी त्या ओसरीवर आल्या तेव्हा शिवप्पा पाय उशीवर टाकून बसले होते. बाईंनी पिशवीतून एक बाटली काढली आणि माठाच्या वरच्या फळीवर, पत्र्याच्या अगदी खाली, जिथं उन्हाळ्यात हात लावला तर चटका बसतो, तिथं ठेवली. कॉलेजातल्या कपाटात बाकीच्या होत्या, त्यांची रीतसर तपासणी पुढं चालणारच होती. ही एक लोहाऱ्याचा मे महिना बघायला.

"झाली का पावडर?" शिवप्पांनी विचारलं.

"झाली, मामंजी."

ते सावरून बसले. पाय पुढं केला. "मंग लाव."

"तसं न्हाय हो. आता आधी उंदराला लावायची. मग सशाला. मग परवानग्या. मग कुठं मानसाला."

"म्हंजी मी उंदराच्या मागं?"

"लई मागं."

शिवप्पांनी जरा वेळ अंगठ्याकडं पाहिलं. "असू दे," ते म्हणाले. "इतके दिवस रांगच नव्हती. आता लागली तर खरी." आणि पाय परत उशीवर ठेवला.

शिवलीलाबाई भिंतीला टेकल्या. ज्वारीची पिशवी अजून खांद्यालाच होती. डोळे मिटले तरी कानात पंप घुरघुरत होता. स्वयंपाक राहिला होता, उद्याच्या तासाची तयारी राहिली होती. आत शांताक्कांनी परात आपटली. आता त्या विचारणार, कितवा घाणा, करपला का. म्हणून बाई उठू लागल्या.

शांताक्का उंबऱ्यात आल्या. फळीवरच्या पिवळ्या बाटलीकडं त्यांनी एकदा पाहिलं, सुनेकडं एकदा पाहिलं, आणि तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

"साकु गं," त्या म्हणाल्या. "बस तिथंच. भाकरी म्या टाकते."

बाई बसल्या. तव्यावर पहिली भाकरी पडायच्या आत त्यांना झोप लागली होती.